मोघम शब्दांची माफी

दोन विधानांत मेळ नसला आणि बोलणारा दोन्ही बाजूंनी निसटू पाहत असला, तर आपण ‘नरो वा कुंजरो वा’ असे म्हणून मोकळे होतो. सुशिक्षितांच्या लिखित इंग्रजीत मात्र विसंगतीला सहसा तिच्या नावाने हाक मारीत नाहीत. ‘असे दिसते’, ‘कदाचित आमचा गैरसमज झाला असावा’, अशा सावध शब्दांची शाल तिच्यावर पांघरतात. हा शिष्टाचार पुष्कळदा उपकारक ठरतो. परंतु त्या शालीखाली कधी कधी दुसऱ्याची अब्रू गुदमरते. याचे बोलके उदाहरण म्हणून आम्हांला १८६४ सालचा न्यूमन–किंग्सले वाद आठवतो.

त्या वर्षीच्या जानेवारीत ‘मॅकमिलन्स मॅगझिन’ या मासिकात फ्रूडच्या इंग्लंडच्या इतिहासाचे परीक्षण प्रसिद्ध झाले. लेखक होते केंब्रिजचे इतिहासाचे प्राध्यापक व अँग्लिकन धर्मगुरू चार्ल्स किंग्सले. रोमन धर्मगुरूंनी सत्याला सत्य म्हणून कधीच सद्गुण मानले नाही आणि फादर न्यूमन तर तसे शिकवितातच, असे त्यांनी जाता जाता लिहून टाकले. आधारादाखल ना उतारा, ना पृष्ठाचा उल्लेख. आरोप करताना ‘कदाचित’ हा शब्द त्यांना आठवला नाही.

न्यूमन तेव्हा बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीत राहत होते. त्यांनी पुरावा विचारताच किंग्सले यांनी त्यांच्या एका प्रवचनाकडे बोट दाखविले. गंमत अशी की, ते प्रवचन न्यूमन यांनी १८४५ मध्ये कॅथलिक होण्यापूर्वी, अँग्लिकन धर्मगुरू असताना दिलेले होते!

मग माफीचा मसुदा आला आणि आता मात्र सावध शब्दांची रेलचेल झाली. आपण लावलेला अर्थ डॉ. न्यूमन ठामपणे नाकारतात. शब्दांचा उपयोग त्यांच्याइतका कोणाला कळतो? आपली समजण्यात चूक झाली याचा खेद वाटतो, असा त्याचा आशय होता. न्यूमन यांनी कागदावर दोन रकाने पाडले. एकात किंग्सले यांची वाक्ये लिहिली, दुसऱ्यात सामान्य वाचक त्यांतून काय समजेल ते. तो समजणार होता एवढेच, की हा शब्दांचा खेळाडू पकडला गेला आणि सफाईने निसटला. शब्दकौशल्याचा उल्लेख किंग्सले यांनी पुढे गाळला. पण ‘माझ्या आरोपाला आधार नव्हता’ हे साधे वाक्य काही फेब्रुवारीच्या अंकात उमटले नाही.

न्यूमन यांनी सारा पत्रव्यवहार छापला. किंग्सले यांनी संतप्त पुस्तिकेने उत्तर दिले. तेव्हा २१ एप्रिलपासून दर गुरुवारी एक, असे सात आठवडे न्यूमन यांनी आपल्या श्रद्धेचा इतिहास लोकांपुढे ठेवला. उभ्याने, तासन् तास, डोळ्यांत अश्रू आणून ते लिहीत होते. तोच ग्रंथ ‘अपोलोजिया प्रो व्हिटा सुआ’. ज्या देशबांधवांनी त्यांच्यावर अनेक वर्षे अविश्वास दाखविला होता, त्यांतील कित्येकांची मने या ग्रंथाने जिंकली.

न्यूमन स्वतः या मोहापासून अलिप्त होते काय? नव्हते. अँग्लिकन असताना त्यांनी रोमविरुद्ध कठोर शब्द वापरले होते. १८४३ च्या प्रारंभी ते त्यांनी जाहीरपणे मागे घेतले. आपण आपल्या पंथाच्या पंडितांचेच बोलणे पुढे चालविले, अशी सबब त्यांनीही प्रथम सांगितली. पण तिथे ते थांबले नाहीत. आपला उतावळा स्वभाव आणि थोरांची मर्जी राखण्याची इच्छा हीही कारणे त्यांनी कबूल केली. किंग्सले यांच्या माफीत नेमके हेच एक पाऊल कमी होते.

न्यूमन यांना २०१९ मध्ये संतपद व २०२५ मध्ये ‘ख्रिस्तसभेचे आचार्य’ हा मान मिळाला. आपण मात्र घरात, धर्मग्रामाच्या सभेत आजही म्हणतो, ‘कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व.’ त्या ‘असल्यास’मध्ये किती किंग्सले दडले आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे. ठाऊक नसेल तेथे ‘कदाचित’ म्हणणे हा नम्रपणा आहे. ठाऊक असूनही तसे म्हणणे ही पळवाट आहे.