शरणपूरचे आफ्रिकी विद्यार्थी आणि गोमा-नृत्याची परंपरा

महाराष्ट्रातील आफ्रिकी वंशीयांचा विषय निघाला की इतिहासाच्या अभ्यासकाची दृष्टी प्रथम मलिक अंबराकडे आणि त्यानंतर जंजिऱ्याच्या सिद्दी राजवटीकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. निजामशाहीचा हा मुत्सद्दी सेनानी १६२६ मध्ये मरण पावला. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. फर्माने, तह, पत्रव्यवहार, इमारती असे विपुल साधन दोहोंच्या मागे उरलेले आहे. परंतु नृत्य आणि वाद्य यांची परंपरा शोधू जाणाऱ्यास या दरबारी इतिहासाचा उपयोग फार थोडा. सत्ता मिळालेल्या हबशी सरदारांनी फारसी दरबारी संस्कृती आत्मसात केली. आफ्रिकेतील ढोल आणि पदन्यास जिवंत राहिले ते खलाशी, गोदीतील मजूर, घरगुती नोकर आणि फकीर यांच्या वस्त्यांत. या दोन वर्गांखेरीज आफ्रिकी लोकांचा एक तिसरा, लहानसा समूह एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला, आणि त्याचे ठिकाण होते नाशिकजवळचे शरणपूर.

आज नाशिक शहराच्या पोटात गेलेले आणि शरणपूर रस्त्याच्या नावाने सर्वांच्या तोंडी असलेले हे ठिकाण १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत म्हणून वसविले. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख चालक. त्या काळी ब्रिटिश नौदलाची जहाजे अरबी समुद्रात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम वाहून नेणारी गलबते पकडीत. सुटका झालेल्यांपैकी बरेच जण मुंबईस उतरविले जात, आणि त्यांतील मुले सरकार मिशन-संस्थांच्या स्वाधीन करी. मुंबईत अशा मुलांच्या शिक्षणाकडे इझेनबर्ग या जर्मन मिशनऱ्याने लक्ष पुरविले होते. त्याने पूर्वी अबिसीनियात काम केले होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे १८६० च्या सुमारास शरणपूर हेच आफ्रिकी मुलांच्या आश्रमाचे मुख्य केंद्र झाले. तेथे वाचन, लेखन, बायबल आणि प्रार्थनागीते यांबरोबरच लोहारकी, सुतारकी, गवंडीकाम यांसारखे धंदे शिकविले जात. विद्यार्थ्यांना नवी ख्रिस्ती नावे मिळाली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स ही नावे इंग्रज वाटतात, पण त्यांचे धारक याओ वगैरे जमातींतून पकडून आणलेले होते.

या मुलांनी आपल्याबरोबर कोणती कला आणली आणि तिचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय. त्याचे उत्तर शरणपुरात बसून मिळत नाही. त्यासाठी आधी मुंबई आणि गुजरातेतील सिद्दींकडे पाहावे लागते.

बांटू भाषासमूहात ‘न्गोमा’ हा शब्द फार दूरवर पसरलेला आहे. त्याचा अर्थ ढोल; आणि स्वाहिलीत ढोल, त्यावरचे नृत्य आणि त्यासाठी जमलेला मेळा अशा तिन्ही गोष्टींना तो एकच शब्द लागतो. गुजरातेतील सिद्दी आपल्या नृत्यास ‘गोमा’ किंवा ‘धमाल’ म्हणतात. यांतील पहिला शब्द सरळ आफ्रिकेतून आला आहे, दुसरा सूफी फकिरांच्या परिभाषेतून. एकाच नृत्याला दोन नावे असावीत, यातच या परंपरेचा इतिहास सामावला आहे. भरूच जिल्ह्यात राजपिपळ्याच्या डोंगराळ भागात रतनपूर येथे बावा गोर या आफ्रिकी पिराचा दर्गा आहे. अकीक दगडाच्या व्यापाराशी या पिराची आख्यायिका जोडलेली असून त्याच्यासमवेत बावा हबश आणि माई मिश्रा या भावंडांचीही पूजा होते. उरुसाच्या वेळी येथे धमाल चालते. बसून गायची ती बैठी धमाल. आणि ढोलाची गती चढत गेली की नर्तक उठून वर्तुळाकार नाचू लागतात. काहींना ‘हाल’ येतो, म्हणजे पिराचा संचार होतो. नारळ उंच उडवून तो आपल्या डोक्यावर फोडण्याचा प्रकारही याच नृत्यात आढळतो.

या नृत्याची वाद्ये विशेष बोलकी आहेत. ‘मुगरमान’ हा पायांवर उभा राहणारा ढोल. ‘मुसिंडो’ हा आडवा दंडगोलाकार ढोल, ज्याचे नाव स्वाहिली किनाऱ्यावरील ‘म्सोंडो’ या ढोलाच्या नावाजवळ येते. नारळाच्या करवंटीचा खुळखुळा हा माई मिश्राच्या नावाने ओळखला जातो. आणि ‘मलुंगा’ म्हणजे भोपळा लावलेले, एका तारेचे धनुष्य. ब्राझीलमधील बेरिंबाऊ या वाद्याशी मलुंग्याचे साम्य इतके उघड आहे की, एकाच खंडातून पूर्वेस आणि पश्चिमेस नेल्या गेलेल्या माणसांचे नाते त्यावरून डोळ्यांसमोर उभे राहते. पूर्वी सिद्दी फकीर मलुंगा वाजवीत दारोदार भिक्षा मागत. गीतांत हिंदुस्थानी व गुजराती शब्दांच्या जोडीला स्वाहिली मूळ असलेले शब्द आढळतात. सिंधमधील सिद्दींच्या भाषेतील शब्द तर रिचर्ड बर्टन याने १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातच नोंदविले होते. मुंबईत डोंगरी भागात सिद्दींची वस्ती होती, एस. एम. एडवर्ड्स या अधिकाऱ्याने १९१२ मध्ये मुंबईच्या लोकजीवनावर लिहिलेल्या पुस्तकात या सिद्दींसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले.

येथे गुरू कोण, असा प्रश्न शास्त्रीय नृत्याच्या सवयीने आपण विचारतो. गोमामध्ये घराणे नाही आणि गंडाबंधनही नाही. मूल मोठ्यांच्या मांडीवर बसून ताल ऐकते, मग खुळखुळा हाती घेते, मग ढोलापाशी बसते. दर्ग्याचा मुजावर, वृद्ध ढोलवादक आणि घरातील स्त्रिया हे सर्वच शिक्षक असतात. हेलेने बासू यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिद्दी फकिरांचा हा समाज कसा बांधलेला आहे ते दाखविले, तर एमी कॅटलिन आणि नझीर जैराझभॉय यांनी त्याच्या संगीताचे ध्वनी व चित्र-मुद्रण केले. या संशोधनातून एक गोष्ट स्पष्ट होते ती अशी की, गोमा ही केवळ स्मरणावर टिकलेली वस्तू नव्हे. तिला पीर आहे, उरुसाची तिथी आहे, नवस फेडणारा भक्त आहे आणि वयाने मोठ्या माणसांची सलग साखळी आहे.

शरणपुरात यांपैकी काय होते? तेथील मुले लहान वयात पकडली गेलेली, निरनिराळ्या जमातींची आणि निरनिराळ्या भाषांची होती. त्यांच्याबरोबर त्यांचे आईबाप नव्हते, ढोल करणारा कारागीर नव्हता, वयात येण्याचे विधी चालविणारे वृद्ध नव्हते. पूर्व आफ्रिकेत अनेक नृत्ये अशा विधींच्या अनुषंगाने शिकविली जात. विधी गेला की नृत्य शिकण्याचा प्रसंगच जातो. मुंबईचा सिद्दी खलाशी झांझिबारला जाऊन पुन्हा मुंबईस येई; ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरही ‘सिदी’ नावाने आफ्रिकी कामगार नेमले जात. त्यामुळे डोंगरीच्या ढोलास समुद्रामार्गे नवे ताल मिळत राहिले. घाटावरच्या नाशिकला तो मार्ग बंद होता. म्हणून मिशनच्या शिस्तीने आफ्रिकी नृत्य मारले, असा जो सोपा निष्कर्ष काढला जातो तो अपुरा ठरतो. शिस्त होतीच, आणि ख्रिस्ती मिशनरी ढोल-नृत्याकडे संशयाने पाहत हेही खरे. परंतु शिकविणारे मोठे माणूसच नसताना मनाई नसती तरी काय उरले असते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. बालपणीच तोडलेल्या माणसाचे नुकसान हे प्रथम गुलामांच्या व्यापाऱ्याने केलेले नुकसान होते.

जाता जाता एका मोहाचा उल्लेख करणे अवश्य आहे. नाशिकचा ढोल आज दूरवर प्रसिद्ध आहे; त्याची आणि शरणपूरच्या आफ्रिकनांची सांगड घालावी, असे कोणालाही वाटेल. परंतु ढोल-ताशाची ही पद्धत मराठी मुलखातील मिरवणुकीची आहे. दोन्ही तोंडे मढविलेला, गळ्यात अडकवायचा ढोल आणि पायांवर उभा असणारा मुगरमान यांची जात वेगळी. केवळ गाव एक म्हणून वारसा एक ठरत नाही.

शरणपूरने गोमाचे वादक घडविले नाहीत. त्याने घडविले ते शिक्षक, कारागीर आणि वाटाडे. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे मोंबासाजवळील राबाई येथे रेबमान या मिशनऱ्याच्या मदतीस गेले. १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईस आला तेव्हा त्याने नाशिकच्या शाळेतील नऊ तरुण बरोबर घेतले. यांच्याविषयी त्याच्या दैनंदिनीत कडवट उद्गार आहेत. पण ते त्याच्या बाजूचे आहेत हे विसरून चालणार नाही. १८७२ मध्ये आणखी एक तुकडी त्याच्याकडे पाठविली गेली, तीत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते.

१८७३ च्या मे महिन्यात चितांबो या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्यानंतरच्या दिवसांचा वृत्तान्त चुमा आणि सुसी या त्याच्या सेवकांच्या तोंडून ऐकून होरेस वॉलर याने १८७४ मध्ये छापला. पांथस्थाचा मृत्यू झाला हे कळताच चितांबो आपल्या स्त्रियांसह व लोकांसह आला. दोन ढोलवाल्यांच्या साथीने मोठा आक्रोश झाला आणि बरोबरच्या माणसांनी किनाऱ्यावरील रिवाजाप्रमाणे बंदुकांचे बार काढले. पुढे शोकासाठी खास एक नर्तक आला. त्याच्या पायांत पोकळ बियांचे, आत खडे घातलेले वाळे होते. ते वाजवीत, मंद स्वरात गात तो नाचला आणि आपले मानधन घेऊन गेला. त्याच ठिकाणी मृताचे हृदय जमिनीत पुरताना जेकब वेनराइट याने इंग्रजी प्रार्थनाग्रंथातून अंत्यविधीचा पाठ वाचला, आणि जवळच्या झाडाच्या खोडावर लेख कोरला.

या प्रसंगाची चर्चा सामान्यतः स्वामिनिष्ठेच्या अंगाने होते. नृत्याच्या इतिहासाला त्यातील दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. एका मृत्यूसाठी दोन विधी जाणणारे दोन व्यावसायिक तेथे उभे होते. एकाची विद्या त्याच्या पायांत होती आणि ती त्याला आपल्याच लोकांनी दिली होती. दुसऱ्याची विद्या नाशिकच्या शाळेत मिळालेली होती. दोघेही आफ्रिकी. वेनराइटला पुढे इंग्लंडला नेण्यात आले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. त्या नर्तकाचे नावसुद्धा वॉलरच्या ग्रंथात नाही. लिहिता येणाऱ्यांचा इतिहास उरतो आणि नाचणाऱ्यांचा गळतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

सर बार्टल फ्रिअर याच्या शिष्टाईनंतर १८७३ च्या जूनमध्ये झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद केला. सुटका झालेल्यांसाठी आफ्रिकेच्याच भूमीवर वसाहत असावी असे ठरले, आणि प्राइस १८७४ मध्ये मोंबासास गेला. १८७५ मध्ये तेथे फ्रिअरटाउन उभे राहिले. हिंदुस्थानातून सुमारे दीडशे आफ्रिकी या किनाऱ्यावर आले. स्थानिक लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. शिक्षक, लोहार, सुतार, दुभाषे ही त्यांची कामे. युरोपीय पोशाख, इंग्रजी व हिंदुस्थानी बोली आणि गोऱ्या मिशनऱ्यांकडे बरोबरीच्या वागणुकीची मागणी यांमुळे ते नव्या वसाहतीत वेगळे उठून दिसत. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन याने जोन्स आणि सेमलर यांना डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन बुसोगात मारला गेला, तेव्हा उरलेला काफिला परत राबाईस आणण्याची जबाबदारी जोन्सनेच पार पाडली.

नृत्याचा प्रश्न या किनाऱ्यावर निराळ्या रूपाने पुन्हा उभा राहिला. भोवतालच्या गावांत न्गोमा चालूच होती, आणि शरणपुरात शिकलेल्या शिक्षकांना आता विद्यार्थ्यांना त्यापासून दूर ठेवायचे होते. पण नवी पिढी शांत बसणारी नव्हती. विसाव्या शतकाच्या तोंडावर मोंबासा, लामू या शहरांत ‘बेनी’ नावाचा नृत्यप्रकार पसरला. ‘बेनी’ म्हणजे ‘बँड’. पितळी वाद्ये किंवा त्यांची नक्कल, लष्करी कवायत, गणवेश, हुद्दे, आणि किंगी व स्कॉची यांसारख्या प्रतिस्पर्धी मंडळ्यांची चढाओढ असे तिचे रूप होते. टेरेन्स रेंजर यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात बेनीला केवळ युरोपीयांची नक्कल मानण्याचे नाकारले. मंडळ्यांची स्पर्धा, ढोलाचा ताल व थट्टेची गाणी हा जुन्या स्वाहिली न्गोमाचाच गाभा असल्याचे त्यांनी दाखविले. बँडची विद्या किनाऱ्यावर अनेक वाटांनी आली होती. झांझिबारच्या सुलतानाच्या बँडमध्ये गोव्याचे वादक होते, ही त्यांपैकी मराठी वाचकास जवळची वाट.

शरणपूरच्या पिढीतील मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबासात वारला. त्याच्या आदल्या वर्षी, १९३४ मध्ये, फ्रिअरटाउनच्या वंशजांपैकी जेम्स म्बोटेला याचे गुलामांच्या मुक्ततेवरील पुस्तक ‘उहुरु व वतुम्वा’ प्रसिद्ध झाले होते. ते स्वाहिलीत आहे. ज्या भाषेत ढोल, नृत्य आणि मेळा यांना एकच शब्द पुरतो, त्या भाषेत.