कोंबडीची लाल पेशी आणि क्रोमॅटिनचे मणी

आपल्या परिपक्व लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं. पक्ष्यांच्या लाल पेशीत ते शेवटपर्यंत टिकतं, पण त्याचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. क्रोमॅटिन घट्ट बसलेलं असतं आणि त्यात एच५ हे खास हिस्टोन असतं. रक्त भरपूर मिळतं, पेशीही बऱ्यापैकी एकसारख्या. म्हणून क्रोमॅटिनवाल्यांना कोंबडी फार सोयीची पडली.

अडचण एकच. अशा केंद्रकाचा पातळ छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, की गडद ढीग दिसतात. मग आतली मांडणी कळणार कशी? अमेरिकेत ओक रिज इथे अडा आणि डोनाल्ड ओलिन्स या दांपत्याने केंद्रकं पाण्यात फुगवली, फॉर्मॅलिनने स्थिर केली आणि सेंट्रिफ्यूज करून ग्रिडवर बसवली. बारीक धाग्यात ओवलेले, साधारण ७ नॅनोमीटरचे मणी दिसले! जानेवारी १९७४ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा पेपर आला. ख्रिस्तोफर वुडकॉक यांनाही स्वतंत्रपणे असेच मणी दिसले होते.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा. पाण्यात फुगवल्यामुळेच हे मणी तयार झाले नसतील कशावरून? उत्तर दोन बाजूंनी मिळालं. एक, ओलिन्स यांनी कोंबडीसोबत रॅटचं थायमस आणि यकृतही घेतलं होतं. दोन, ह्युइश आणि बर्गोयन यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की रॅटच्या यकृतातलं क्रोमॅटिन एन्झाइमने ठरावीक अंतरावर कापलं जातं. १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी आठ हिस्टोन आणि सुमारे २०० बेस जोड्यांचं एकक मांडलं. १९७५ मध्ये त्याला ‘न्यूक्लिओसोम’ हे नाव मिळालं.

मणी टिकले. पण पुढच्या पायरीची गोष्ट वेगळी आहे. १९७६ मध्ये फिंच आणि क्लुग यांनी न्यूक्लिओसोमच्या माळेचा ३० नॅनोमीटर जाडीचा सोलेनॉइड सुचवला आणि तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. २००८ मध्ये गोठवलेल्या हेला पेशींच्या क्रोमोसोममध्ये मात्र असे तंतू सापडले नाहीत. २०११ मध्ये कोंबडीच्या लाल पेशींच्या केंद्रकात, त्याच गोठवण्याच्या पद्धतीने, ते दिसले; पण मांडणी सोलेनॉइडची नव्हती, नागमोडी होती.

म्हणजे तंतू खोटा नव्हता. कोंबडीची पेशी खास होती. सिनॉप्सिस लिहिताना ‘हा नमुना का?’ याखाली फक्त ‘सहज उपलब्ध’ लिहून थांबू नका. त्या नमुन्याचं वेगळेपण काय आणि तेच निष्कर्षात उतरलंय का, हेही लिहा. आणि दुसऱ्या पद्धतीने, दुसऱ्या पेशीत तपासायची सोय आधीच करून ठेवा.