दिनविशेष : १८ नोव्हेंबर
इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाचा पहिला सामना (१९७२)

इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना १८ नोव्हेंबर १९७२ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे खेळला. दोन गोलांनी मागे पडूनही शीला पार्करच्या नेतृत्वाखालील या संघाने यजमान स्कॉटलंडला ३-२ असे हरवले. इंग्लंडचा पहिला गोल सिल्व्हिया गोर यांनी केला.

पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना याच दोन देशांत १८७२ मध्ये झाला होता. महिलांना शंभर वर्षे थांबावे लागले, पण त्याचे कारण प्रेक्षकांचा अभाव हे नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतील कामगार मुलींचे संघ उभे राहिले. त्यांपैकी प्रेस्टनच्या 'डिक, केर लेडीज'चा सामना २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३ हजार लोकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, 'हा खेळ बायकांना योग्य नाही' असे ठरवून इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली.

३१ जुलै २०२२ रोजी वेम्बली स्टेडियमवर ८७,१९२ प्रेक्षकांसमोर जर्मनीला २-१ ने नमवून इंग्लंडच्या महिलांनी प्रथमच युरो करंडक जिंकला. २०२५ मध्ये तो राखलाही.