अकबरीच्या मैत्रिणी

उर्दू डायजेस्टांतून येणारी हलकीफुलकी प्रेमकादंबरी आपल्या घरांतील मुलीबाळी कित्येक वर्षे वाचत आल्या आहेत. तिची नायिका बहुधा ठरलेली. लाडावलेली, तोंडाळ, हट्टी. स्वयंपाकाचा गंध नाही. शेवटच्या चार पानांत ती एकदम शहाणी होते. वडीलधारी मंडळी अशा पुस्तकांना नाके मुरडतात. पण या नायिकेची पणजी मुलींना वळण लावण्यासाठीच जन्माला घातली गेली होती, याची आठवण कुणी काढत नाही.

तिचे नाव अकबरी. डिप्टी नझीर अहमद यांच्या १८६९च्या ‘मिरातुल उरूस’मधली ही थोरली बहीण. हे पुस्तक त्यांनी आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिले. वायव्य प्रांताच्या इंग्रज सरकारने त्याला १००० रुपयांचे बक्षीस दिले. धाकटी असगरी सुगरण, हिशेबी, शिकलेली. अकबरी आजीच्या लाडाने बिघडलेली. सासूशी भांडून ती वेगळे बिऱ्हाड थाटते आणि एका ढोंगी हज्जनच्या गोड बोलण्याला भुलून सगळे दागिने घालवून बसते. प्रेमकथा म्हणावी असे यात काही नाही. पण पुस्तक वाचून ठेवल्यावर असगरीचे सद्गुण एकात एक मिसळून जातात, आणि अकबरीचा थयथयाट लक्षात राहतो. नझीर अहमदांची दिल्लीची बायकी बोली तिच्या तोंडी खरी रंगते. उपदेशकावर कादंबरीकाराने केलेली ही मात आहे, असे आम्हाला वाटते.

गंमत म्हणजे एवढे उपदेशपर पुस्तकही सर्वांना पचले नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती जेवर’मध्ये स्त्रियांनी टाळावयाच्या पुस्तकांची यादी दिली, तीत नझीर अहमदांच्या कादंबऱ्याही आहेत. काही गोष्टी शहाणपणाच्या, काही दीन कमजोर करणाऱ्या, असा त्यांचा अभिप्राय. उलट पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी तेच पुस्तक वाचून १८८१मध्ये स्वतः ‘इस्लाहुन्निसा’ ही कादंबरी लिहिली. ती छापून यायला १८९४ उजाडले, आणि तेव्हाही लेखिका म्हणून त्यांचे नाव नव्हते; मुलाची आई एवढीच ओळख. वाचनावर पहारा, लिहिण्यावर पडदा!

आता अकबरीच्या दोषांकडे जरा निरखून पाहू. आळस, भांडखोरपणा हे आहेतच. पण त्यांच्याच रांगेत लेखकाने तिची संगत मांडली आहे. भटियाऱ्याची चुनिया, कल्हईवाल्याची जुल्फन, भाजीवाल्या कुंजड्याची सलमती, या तिच्या मैत्रिणी. शरीफ घरच्या सुनेने असल्या पोरींत बसावे, हा तिचा मोठा गुन्हा. दिल्लीच्या अशराफ घरांत ही गोष्ट खटकणे स्वाभाविक होते. आमच्या वर्गात मात्र बागवान, अत्तार, पिंजारी, कसाई यांच्याच मुली बाकावर असतात. आपल्या समाजातली बहुतेक घरे याच कष्टकरी बिरादऱ्यांची. म्हणजे ज्या आरशात पाहून आपण नववधू घडवायला निघालो, त्या आरशात आपले स्थान बिघडलेल्या मुलीच्या वाईट संगतीचे! (‘मिरातुल उरूस’चा अर्थच मुळी ‘वधूंचा आरसा’.)

पुढे १९४०च्या दशकात इस्मत चुगताईंनी ‘टेढी लकीर’मध्ये शम्मन उभी केली. तीही हट्टी, वाकडी, पुन्हापुन्हा चुकणारी. पण हे वाकडेपण लेखिकेने वाईट संगतीच्या माथी मारले नाही. दहावे अपत्य म्हणून आईने दुर्लक्षलेल्या पोरीत ते कसे मुरत गेले, ते दाखवले. शम्मन पुढे शाळेची मुख्याध्यापिका होते. इस्मतआपा स्वतः मुंबईत मुलींच्या शाळांच्या निरीक्षक होत्या, त्यामुळे त्या पानांतला मास्तरकीचा वैताग आम्हाला चांगला ओळखता येतो.

डायजेस्टमधली नायिका शम्मनपर्यंत क्वचितच पोहोचते. शेवटी तिला असगरी व्हावेच लागते. मुली ती शेवटची पाने भराभर उलटतात, हे आम्ही वर्गात पाहिले आहे. एकदा नववीच्या वर्गात अकबरीची गोष्ट सांगितली. दागिने गेल्यावर हसू पिकले. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, चुनिया और जुल्फन का आगे क्या हुआ?” तिचे वडील भांड्यांना कल्हई करतात. त्यांचे पुढे काय झाले, ते नझीर अहमद सांगत नाहीत.