खिशातला कॅमेरा आणि कपाटातला कॅमेरा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा गिरणीसंपाविषयी काही ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी कॅमेऱ्याचा विषय काढल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, तेच आता आपल्याही चेहऱ्यावर दिसत आहेत. पण हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढचे जे काही वाचन झाले ते दर वेळी एखादी अडचण समोर उभी राहिली म्हणून झाले. हेही त्यांतलेच एक होय.

2009 साली जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या युनियनने कॅमेरा घ्यावयाचे ठरविले. वर्गणीच्या पैशातला कॅमेरा! कार्यकारिणीत दोन तट पडले. एक म्हणे, शर्टाच्या खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा घ्या. दुसरा म्हणे, लग्नातल्या फोटोग्राफरजवळ असतो तसा, भिंग काढून दुसरे बसविता येणारा घ्या. त्यांतला अगदी पहिल्या पायरीचा असला तरी चालेल. दोहोंच्या किमतीत तिपटीचे अंतर होते. दुसऱ्या तटाचा पुढारी मीच होतो. वाद तीन बैठका चालला, आणि प्रतिपक्षाला निरुत्तर करावे एवढ्याच हेतूने मी छायाचित्रणाचा इतिहास वाचावयास घेतला.

1839 साली फ्रान्समध्ये डागेरची कृती जाहीर झाली, आणि सुमारे पंधरा वर्षांनी, म्हणजे 1854 साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. तिच्यात साहेब होते तसे आपलेही लोक होते, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले नामांकित. 1855 साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला. हे सगळे अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु त्या काळचे यंत्र डोळ्यांसमोर आणून पाहा. काचेला रसायनाचा लेप द्यावयाचा, ती ओली आहे तोवरच चित्र घ्यावयाचे, आणि ती वाळण्याच्या आत काळोख्या तंबूत नेऊन धुवावयाची. पेटी, तिकाटणे, काचा, बाटल्या, तंबू, आणि हे सारे वाहणारे हमाल! यंत्र जवळ बाळगणारा मनुष्य डॉक्टर, अधिकारी किंवा संस्थानिक असणार, आणि हमाल फार झाले तर चित्रात यावयाचा.

आपल्या भागात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. (स्वतंत्र जिल्हा झाला 1981 साली.) निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीन दयाळ हे मोठे कलावंत. रुडकीच्या महाविद्यालयात शिकलेला हा इंजिनियर आपल्या कसबाने मुसव्विर जंग झाला. 1899-1900 च्या भयंकर दुष्काळात औरंगाबाद जिल्ह्यातील मदतकार्याची छायाचित्रे त्यांच्याच संस्थेने काढली. ती चित्रे आज आपल्याला अनमोल आहेत, कारण आपल्या पणज्या-पणजोबांच्या पिढीचे एवढे स्पष्ट दर्शन दुसरीकडे क्वचितच मिळेल. तथापि ती राज्याने आपल्या कामाची नोंद म्हणून काढविली होती. डोक्यावर पाटी असलेल्या माणसाला काय दाखवावेसे वाटत होते, हे विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. माझ्या आजीने आपल्या सासूकडून ऐकलेल्या दुष्काळाच्या गोष्टी वेगळ्याच होत्या. त्यांचे चित्र कोठेही नाही.

आणि योगायोग असा की, त्याच दुष्काळाच्या सुमारास, 1900 साली, अमेरिकेत ईस्टमनच्या कोडॅक कंपनीने एक डॉलरला ब्राउनी नावाची पुठ्ठ्याची कॅमेरापेटी विकावयास आणली. त्याआधी 1888 साली त्याचा पहिला कोडॅक निघाला होता, तो पंचवीस डॉलरचा. त्यात शंभर चित्रे निघत, आणि ती संपली की पेटीच कारखान्याला पाठवावयाची. या दोन यंत्रांनी छायाचित्र फारसे चांगले केले असे नाही. जाणकारांनी तर नाके मुरडली. झाले ते एवढेच की, कॅमेरा मिशनऱ्याच्या, कारकुनाच्या, शाळकरी मुलाच्या हाती गेला. पाच वर्षांनी, 1905 साली, मार्क ट्वेनने काँगोतील अत्याचारांवर जे उपहासाचे पुस्तक लिहिले, त्यात लिओपोल्ड राजा सर्वांत जास्त कशावर चिडतो, तर या कोडॅकवर. वर्तमानपत्रे त्याला हाताळता येत होती. या पेटीचे काय करावे हे त्याला उमगत नव्हते.

हे वाचून माझी पंचाईत झाली. मी मोठ्या कॅमेऱ्याच्या बाजूने पुरावा शोधावयास गेलो होतो आणि सापडत होता तो छोट्याच्या बाजूचा! तेव्हा मला लुईस हाइन सापडला. 1908 पासून हा मास्तर अमेरिकेच्या बालमजूर समितीसाठी गिरण्या, खाणी आणि काचकारखाने पालथे घालीत होता. त्याच्याजवळ काचा घालावयाचा पेटीकॅमेरा, तिकाटणे आणि उजेडासाठी मॅग्नेशियमची भुकटी असे लटांबर होते. दारावर अडवतील म्हणून तो कधी विमा एजंट होई, कधी बायबल विकणारा. आपल्या कोटाची कोणती गुंडी जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याला पाठ होते; मूल शेजारी उभे राहिले की त्याची उंची कळे, आणि टिपण तो खिशातल्या खिशात लिही. अंधाऱ्या गिरणीत सुताच्या यंत्राशेजारी उभी असलेली ती लहान पोर इतकी स्वच्छ दिसते की, एकदा पाहिल्यावर ती डोळ्यांपुढून हलत नाही. बैठकीत मी हाइनचे नाव जोराने सांगितले. त्यावर भट्टीवर काम करणारा आमचा एक साथी शांतपणे म्हणाला, “भाऊ, त्याचा तो धंदाच होता. आपल्यातला कोण सगळं काम सोडून हेच करणार?”

मला उत्तर सुचले नाही. छोटा कॅमेरा आला.

पुढची हकीकत सांगण्यापूर्वी भिंग बदलण्याच्या सोयीविषयी थोडे बोलले पाहिजे. 1925 साली जर्मनीत लायका निघाला. हातात मावणारा, सिनेमाच्या फितीवर छत्तीस चित्रे घेणारा. 1930 पासून त्याचे भिंग बदलता येऊ लागले. म्हणजे छोटेपणा आणि बदलती भिंगे ही दोन्ही प्रथम एकाच यंत्रात नांदत होती; वाटा फुटल्या त्या नंतर. आरशातून पाहावयाचे कॅमेरे भिंगांच्या जोरावर वाढले. 1959 चा निकॉन एफ हा त्यांतला मोठा टप्पा, आणि तो वृत्तपत्रवाल्यांचा झाला. खिशातल्या कॅमेऱ्यांनी घरगुती माणसाची वाट धरली. आपल्याकडे बडोद्यात तयार झालेला अगफा क्लिक थ्री कित्येक घरांत होता, बारा चौकोनी चित्रांचा. त्यात उटकमंडच्या सरकारी कारखान्याची इंदू फिल्म घालीत. मग 1980 नंतर हॉट शॉट आला. युनियनच्या माझ्या पहिल्या मोर्च्याचा एकमेव फोटो त्याच जातीच्या कॅमेऱ्यातला आहे. त्यात मी कोणता हे मलाही सांगता येत नाही, पण फोटो आहे.

आता आमच्या भट्टीकडे वळू. जालन्याचे पोलाद भंगारातून होते. विजेच्या भट्टीत भंगार वितळवून त्याच्या लगडी करतात आणि लगडी लाटून सळया. भंगारात ओल किंवा तोंड बंद असलेला एखादा डबा गेला, तर आत वाफ कोंडून वितळलेला रस बाहेर उसळतो. अशा एका रात्री आमचा एक माणूस भाजला. साथीच्या खिशात कॅमेरा होता; त्याने त्याच घटकेला चार फोटो घेतले. दुसऱ्या दिवशी आम्ही ते पाहिले. फ्लॅशच्या उजेडात हवेतली धूळ पांढऱ्या चांदण्यांसारखी चमकत होती आणि तिच्यामागे सगळा काळोख. भट्टीपुढे आडोशाची जाळी नव्हती, हे आम्हाला दाखवावयाचे होते. चौकशीत उत्तर मिळाले की, यात जाळी नाही हे दिसत नाही, कारण काहीच दिसत नाही. उत्तर खोटे नव्हते.

दोष साथीचा नव्हता. तो गणिताचा होता. छोट्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा जो सेन्सर असतो, तो साधारण सव्वासहा मिलिमीटर लांब आणि साडेचार रुंद, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा लहान. भिंग बदलणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात तो साडेतेवीस बाय साडेपंधरा. क्षेत्रफळ तेरापट झाले. पावसात वाटी ठेवावी आणि परात ठेवावी, तसे. छोट्याचे भिंग थोडे अधिक उघडे असल्याने हे अंतर काहीसे कमी होते, पण शेडमधल्या पिवळ्या दिव्याखाली उरते ते अंतरही फार असते. मी हे गणित कागदावर मांडून बैठकीत वाचले, आणि 2011 साली मोठा कॅमेरा घेववला. विजय माझा झाला.

तो कॅमेरा महाग, म्हणून कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली माझ्याकडे. एके दिवशी पहाटे एका रोलिंग मिलमध्ये तापलेली लाल सळई रुळांतून निसटून बाहेर उसळली आणि एका पोराच्या पायातून गेली. मी त्या दिवशी तारखेसाठी औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गेलो होतो. संध्याकाळी येऊन, कपाट उघडून, परवानगी मिळवून आत जाईपर्यंत फरशी धुतली गेली होती आणि रुळांशेजारी लोखंडी पत्र्याचा नवा आडोसा उभा होता. मी काढलेले फोटो अप्रतिम आले. नव्या आडोशाचा बोल्ट न् बोल्ट मोजता येत होता! एवढे मात्र खरे की, वेल्डिंगची जोड ताजी, चकचकीत, आणि बाजूचे लोखंड गंजलेले, हा फरक त्या मोठ्या सेन्सरमुळेच उमटला, आणि वकिलांनी तो पुढे केला. प्रकरण तडजोडीत मिटले. पोराच्या पायाचे काय झाले ते मी येथे सांगत नाही. तो या सभेत बसला आहे.

त्या कॅमेऱ्याचे भिंग आम्ही एकदाही बदलले नाही. दुसरे भिंग घेतलेच नव्हते. बदलण्याच्या सोयीचे पैसे दिले आणि सोय कपाटात ठेवली. चौकशी केली तेव्हा कळले की, बहुतेक घेणाऱ्यांचे असेच होते. जो मनुष्य हाइनसारखा त्याच कामाला वाहून घेणार आहे, त्याने भिंगे बदलणारा कॅमेरा अवश्य घ्यावा, आणि पैसे यंत्रापेक्षा भिंगावर खर्चावे. आमच्या वरातीच्या फोटोग्राफरचेही हेच म्हणणे पडले.

2012 साली सोनीने एक खिशातला कॅमेरा काढला, त्यात सेन्सर आमच्या छोट्यापेक्षा चौपट मोठा होता. वाटी आणि परात यांच्यामध्ये एक ताट आले म्हणा. आम्ही तो घेतला तो चार वर्षांनी, जुना. आणि त्याला कपाट नाही असा ठराव केला. तो पाळीपाळीने फिरतो. तोवर जगात छोट्या कॅमेऱ्यांचा बाजार मोबाइलने बसविला होता. 2010 साली सर्व जातींचे मिळून बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते; दहा वर्षांनी तो आकडा एक कोटीच्याही खाली आला.

तरुण कामगार मला विचारतात, मोबाइल असताना हा डबा कशाला? त्यांचा प्रश्न रास्त आहे. आजचा बरा मोबाइल आमच्या 2009 च्या कॅमेऱ्याला रात्रीच्या उजेडात सहज मागे टाकतो. पण आमच्याकडच्या काही कारखान्यांत मोबाइल दारावर जमा करावा लागतो, आणि सुरक्षा समितीच्या सभासदाने कॅमेरा आत न्यावा, हे मात्र एकदोन ठिकाणी आम्ही भांडून लेखी मिळविले आहे. त्या कागदात “खिशात मावेल असा” हे शब्द आहेत. ते व्यवस्थापनाने घातले. आम्ही हरकत घेतली नाही.