‘उर्वरित’ म्हणजे कोण?

आरोग्यसेवेचा पैसा कोणत्या भागाला किती, हा प्रश्न वरकरणी हिशेबनिसाचा वाटतो. पण तो इतिहासाचा आहे. मी खानदेशातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. चोपडा, साक्री, शिरपूरकडच्या मुलांना मी विचारतो, निधिवाटपाच्या कागदावर आपण कोण? मुले म्हणतात, खानदेश. कागद म्हणतो, ‘उर्वरित महाराष्ट्र’.

बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांविषयी लिहिताना मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली. त्यात पूर्व व पश्चिम खानदेश त्यांनी मराठवाड्याबरोबर मध्य महाराष्ट्रात घातले, पुण्याबरोबर नव्हे. पुढच्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३७१व्या कलमात विकास मंडळांची तरतूद झाली, आणि तिथे विदर्भ व मराठवाडा वगळून जे उरले ते सारे ‘उर्वरित’ ठरले. मुंबई, पुणे आणि धुळे एकाच गाठोड्यात बांधले गेले.

प्रत्यक्ष मोजणी १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने केली. जिल्हा हे एकक आणि राज्याची सरासरी हे माप. सरासरीखाली जेवढी तूट, तेवढा त्या जिल्ह्याचा अनुशेष. सिंचन, रस्ते, शिक्षण यांच्याबरोबर आरोग्यसेवाही मोजली गेली. एकूण ३,१८६.७८ कोटींपैकी ‘उर्वरित’चा वाटा १,१८९.३८ कोटी, म्हणजे ३७ टक्के होता. १९९४ साली तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून १४,००६.७७ कोटींचा अनुशेष काढला. त्यात ‘उर्वरित’ ३,३७८.२० कोटी, म्हणजे २४ टक्के.

विदर्भ-मराठवाड्याला जास्त मिळाले म्हणून माझी तक्रार नाही. त्यांची वंचना खरी आहे. माझा आक्षेप सरासरीवर आहे. १९९४ साली नंदुरबार जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला. म्हणजे अक्राणी, अक्कलकुव्यातले सातपुड्याचे पाडे धुळे शहराच्या दवाखान्यांबरोबर एकाच सरासरीत मोजले गेले. शहरातली खाट डोंगरातल्या बाळंतिणीच्या नावावर जमा झाली! डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे आणि सपाटीवर तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारचाच निकष आहे. पण केंद्र गावात असले म्हणून गावकुसाबाहेरच्या वस्तीत परिचारिका पोचतेच असे नाही. जिल्ह्याच्या सरासरीला गावकूस दिसत नाही, आणि जात तर मुळीच दिसत नाही.

३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. मंडळांच्या पुनरुज्जीवनाची मागणी होते ती मुख्यत्वे विदर्भ-मराठवाड्याच्या नावाने. ‘उर्वरित’च्या नावाने रस्त्यावर कोण उतरणार? ज्या विभागाचे नावच उरलेल्यांचे, त्याला अस्मिता कुठून येणार?

म्हणून मागणी नुसत्या मंडळाची नको. एकक बदला, असे आपण म्हटले पाहिजे. आरोग्याची तूट तालुक्याने मोजा, तालुक्यात पाड्याने आणि वस्तीने मोजा, आणि पैसा त्या मोजणीमागून जाऊ द्या. हे काम सरकार आपणहून करणार नाही. विद्यार्थी, शिक्षक, कार्यकर्ते यांनी वही घेऊन आपला तालुका आधी मोजावा. ज्यांची मोजणी दुसरे करतात, त्यांचा वाटाही दुसरेच ठरवतात.