पाळणाघराचा खर्च उत्पन्नातून वजा होतो का? दाखला काढण्याआधी हा हिशोब मांडा

काशीमीरा : सकाळी आठच्या आत काशीमीरा नाक्यावर उभं राहा. पेणकरपाड्याकडून, माशाच्या पाड्याकडून बायका घाईघाईने निघालेल्या दिसतात. कुणी मीरारोडच्या बिल्डिंगमध्ये घरकामाला, कुणी कारखान्यात, कुणी बांधकामावर. कडेवरचं मूल शेजारणीकडे किंवा पाळणाघरात सोडायचं आणि मग रिक्षा पकडायची. उत्पन्नाच्या दाखल्याचा विषय निघाला की या बायका एकच प्रश्न विचारतात. पाळणाघराला एवढे पैसे जातात, ते उत्पन्नातून कमी धरतात का?

उत्तर सरळ आहे. नाही धरत.

तहसीलदाराच्या दाखल्यावर कुटुंबाचं वर्षाचं एकत्रित उत्पन्न लिहिलं जातं. नवऱ्याचा पगार, बायकोची कमाई, शेती असेल तर तिचं उत्पन्न, भाडं येत असेल तर तेही. घरभाडं, औषधपाणी, पाळणाघर हा आपला खर्च, त्याचा रकाना अर्जात नाही. आम्हा शेतकऱ्यांना हे दुखणं जुनं आहे. खताचं बिल कितीही होवो, सातबारा बघणारा पीकच बघतो.

आता आकडे मांडून बघू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपले आपण घालावेत. नवरा टेम्पो चालवून महिना १३,५०० मिळवतो. बाईने घरकाम धरलं, १०,००० मिळतात. वर्षाचे झाले २,८२,०००. पाळणाघर ३,००० आणि मुलाला सोडण्या-आणण्याची रिक्षा ६००, म्हणजे वर्षाला ४३,२००. बाई मनात वजाबाकी करते आणि २,३८,८०० काढते. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख, म्हणजे आपण बसतो असं तिला वाटतं. पण कागदावर २,८२,०००च राहतात आणि ती मर्यादेबाहेर जाते. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असणाऱ्यांना अर्जाच्या वेळी दाखला मागितला नव्हता हे खरं. पण केशरी कार्डाचीच मर्यादा एक लाखाची आहे आणि २०२५ पासून ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही जोडायला लावलाय. उत्पन्न कमी दाखवून देतो म्हणणारे एजंट भेटतात. स्वयंघोषणापत्रावर सही मात्र आपली असते आणि खोटी माहिती दिली तर गुन्हा आपल्यावर.

मग पंधराशे जातील म्हणून काम सोडायचं का? इथे पाळणाघराचा खर्च खरंच वजा करायचा, कारण हा हिशोब सरकारचा नसून आपला आहे. १०,००० मधून ३,६०० गेले, हातात ६,४००. घरी बसून १,५०० मिळाले असते. म्हणजे कामाला जाऊन महिना ४,९०० जास्त. एक मूल असेल तर काम परवडतं. दोन मुलं असतील तर पाळणाघर ६,००० आणि रिक्षा ६००, हातात उरतात ३,४००. फरक फक्त १,९००. त्यात मूल आजारी पडून चार खाडे झाले तर पगार कापला जातो, पाळणाघराची फी मात्र पूर्ण द्यावी लागते. दोन लहान मुलांच्या आया काम का सोडतात ते या १,९०० मध्ये दिसतं. आजी घरात असेल तर हा खर्च शून्य. आमच्याकडे आई होती म्हणून आम्हाला हा हिशोब कधी करावा लागला नाही, आणि तिचं मोलही कधी मोजलं नाही.

ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या नोकरदार आईबापांना पाळणाघराच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग, ठरलेल्या कमाल रकमेच्या आत, परत मिळतो. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे मदत दोन वेगळ्या वाटांनी येते.

पहिली वाट रोख रकमेची. नवरा वारलेला, घटस्फोट झालेला, आईबापांपैकी कुणाला गंभीर आजार, अशा घरातल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. वरच्या हिशोबात ते घातले तर ३,६०० पैकी आईच्या खिशातून जातात फक्त १,३५०. या पैशासाठी पाळणाघराची पावती लागत नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. आधार, शाळेचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँक पासबुक आणि घरासमोर मुलांसोबत काढलेला फोटो तयार ठेवा. गृहभेटही होते, त्यामुळे पत्ता खरा द्या. लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने १,०१,००० मिळतात, पण ते जन्म, पहिली, सहावी, अकरावी आणि अठरा वर्षं या टप्प्यांवर. दर महिन्याच्या फीला त्याचा उपयोग नाही.

दुसरी वाट म्हणजे सोयच मिळवायची. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालतं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास. साधी अंगणवाडी तेवढा वेळ मूल सांभाळत नाही, हा फरक लक्षात घ्या. आपल्या भागात असं केंद्र आहे का ते अंगणवाडी सेविकेला किंवा बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना विचारा. कारखान्यात पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय मालकाने करायची, हे २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने ठरवलं. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. ग्रामीण तालुक्यांतल्या वाचकांसाठी सांगतो, रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही कामावर लहान मुलं पाच किंवा जास्त असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर बसवण्याची तरतूद लिहिली होती.

घरकामाला मात्र मालक एक नाही, चार घरं असतात. कायद्यातलं पाळणाघर तिथे लागू होत नाही. त्या बाईने आधी सेविकेकडे पाळणा केंद्राची चौकशी करावी आणि उत्पन्नाचा दाखला काढताना चारही घरांचा पगार धरून आकडा लिहावा.